डावी कूस

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध डॉक्टर राहत होते. गोष्ट जुनी आहे. तालुक्याला सोनोग्राफीचं यंत्र येणं हीच तेव्हा मोठी बातमी असे, आणि त्याहून वरची तपासणी हवी असेल तर जिल्ह्याला, नाहीतर थेट पुण्याला जावं लागे. गावाबाहेरच्या धर्मादाय रुग्णालयात असं एक यंत्र होतं. त्या अंधाऱ्या खोलीत बसून डॉक्टर माणसाच्या पोटात पाहत आणि पाहिलं तेवढंच सांगत. तेवढंच सांगणं हीच त्यांची ख्याती होती. आसपासचे सर्जन म्हणत, म्हाताऱ्याने खडा आहे म्हटलं तर खडा असतोच, आणि ठाऊक नाही म्हटलं तर ते देवालाही ठाऊक नसतं.

पण वय कुणाला चुकलं आहे? डॉक्टरांच्या डोळ्यांतला पडदा झिजू लागला. यंत्राच्या पडद्यावरच्या करड्या छटा एकमेकींत मिसळू लागल्या. एके दिवशी, आपण जे सांगतो आहोत ते पाहून सांगतो आहोत की आठवून, हेच त्यांना कळेना. त्या दिवशी त्यांनी हातातला प्रोब, म्हणजे पोटावरून फिरवायचं ते उपकरण, खाली ठेवला तो ठेवलाच. मग रुग्णालयाने त्यांच्या हाताखाली एक तरुण डॉक्टर नेमला. आपल्या गोष्टीतला शिष्य तो हाच.

शिष्य हुशार होता. पदकं मिळवलेला, हाताचा चपळ, जिभेचा त्याहून चपळ. घर दूर कोकणात. रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर त्याला एक खोली मिळाली होती आणि गुरूंची खोली त्याच्या शेजारीच होती. खाणावळीतून दोघांचा मिळून एक डबा येई. रोज संध्याकाळी शिष्य गुरूंच्या खोलीत जाई, "सर, बरं आहे ना?" असं विचारी आणि विचारता विचारता डबा उघडी. मग दोघे जेवत. बोलणं होई ते पेशंटचं. कुणाचं यकृत, कुणाची पित्ताची पिशवी. अशा गप्पा मारत दोन माणसं वर्षानुवर्षं एका टेबलावर जेवू शकतात, आणि एकमेकांविषयी त्यांना काडीचीही माहिती नसू शकते. गुरूंना पत्नी होती आणि ती निवर्तली, एवढं शिष्याला ठाऊक होतं. ते त्यांनी सांगितलं नव्हतं. भिंतीवरच्या फोटोला हार होता, म्हणून कळलं होतं.

शिष्याला एक खोड लागली होती. तपासताना तो बोलत जाई आणि रुग्णालयातल्या रूथ सिस्टर शेजारी बसून रिपोर्ट लिहून घेत. सुरुवातीला आधी डोळा, मग जीभ असा क्रम होता. पुढे पुढे जीभ मागे राहायला कंटाळली. हात अजून उजव्या मूत्रपिंडावर असे आणि तोंडाने "डावे मूत्रपिंड, आकार आणि जागा योग्य" हे सुरू झालेलं असे. त्याला फार नावं ठेवू नका. पोटामागून पोट पाहणाऱ्या माणसाला बहुतेक पोटांत सगळं जागच्या जागीच सापडतं. अनुभव चांगलीच गोष्ट आहे. फक्त तो डोळ्याच्या आधी बोलायला लागला, की तिथे घोडं पेंड खातं.

उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, लहानू नावाचा एक बँडवाला रुग्णालयात दाखल झाला. बँडमध्ये तो क्लॅरिनेट वाजवी. अंगात ताप, उजव्या कुशीत असह्य दुखणं, लघवी जेमतेम. बाकीचा बँड टेंपोत बसून लग्नांच्या सुपाऱ्या वाजवायला वऱ्हाड प्रांतात निघून गेला होता. जाताना त्यांनी त्याला दवाखान्याच्या पायरीशी उतरवलं आणि त्याची क्लॅरिनेटची पेटी त्याच्या हातात दिली. लग्न त्याने केलं नव्हतं. भाऊ होता, तो वारला होता. भेटायच्या वेळेला इतर खाटांभोवती माणसं जमत तेव्हा लहानू भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेई.

शिष्याने त्याला तपासलं. उजवं मूत्रपिंड पाहताच त्याचे डोळे चमकले. त्याच्या तोंडाशी खडा अडकला होता, आणि मागे पू आणि पाणी तुंबून मूत्रपिंडाची पार पखाल झाली होती. असं ठसठशीत काही सापडलं की शोधणाऱ्याला एक आनंद होतो, तो दुष्ट नसतो, पण आंधळा असतो. त्या आनंदात शिष्याने डाव्या कुशीवरून प्रोब फिरवला. पडद्यावर करडं, लांबट, मूत्रपिंडासारखं काहीतरी येऊन गेलं. "डावे मूत्रपिंड निर्दोष," तो म्हणाला. रूथ सिस्टरांचं ते आधीच लिहून झालं होतं.

गुरू दाराच्या चौकटीला धरून उभे होते. त्यांनी विचारलं, डावीकडे नीट पाहिलंस का. शिष्य म्हणाला, पाहिलं सर. त्यात खोटं काहीच नव्हतं, निदान त्याच्या मते. गुरू चौकट सोडून निघून गेले.

एक चुकीचं वाक्य कागदावर उतरलं की बाकीची खरी वाक्यं त्याच्यासमोर मान तुकवू लागतात. लहानूच्या रक्ताचा अहवाल आला, त्यात मूत्रपिंडाचं काम फार मंदावल्याचं दिसत होतं. रुग्णालयाच्या सर्जनने भुवई उंचावली आणि शिष्याला विचारलं, दुसरी किडनी चांगली आहे ना? शिष्य म्हणाला, चांगली आहे. मग सर्जनने रक्ताचा दोष तापावर ढकलला, लघवीचा दोष पाणी न पिण्यावर ढकलला, आणि ठरवलं की ही सडलेली पखाल पोटात ठेवण्यात अर्थ नाही. उद्या सकाळी काढून टाकू, एका किडनीवर माणूस सुखाने आयुष्य काढतो. बोलणं शंभर टक्के बरोबर होतं. फक्त ती दुसरी तिथे असायला हवी होती.

ऑपरेशनला नातेवाइकाची सही लागते. वॉर्डबॉय कागद घेऊन लहानूकडे गेला आणि तसाच परत आला. दुपारी शिष्य वॉर्डमधून जात असताना लहानूने त्याला हाक मारली.

"डाक्टरसायेब, माझं कोनी न्हाई. तुमीच सही करा की."

"मी कसा करणार? मी काय तुमचा नातेवाईक आहे?"

"पोटातलं समदं तुमी बगितलंय. एवढं कोन्या सोयऱ्यानं बगितलं न्हाई माझं."

संध्याकाळी करतो सही, असं म्हणून शिष्य खाली आला. त्याला भरून आलं होतं. त्याचंही या गावात कोण होतं? सही करायची, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

दुपारचे पेशंट संपले, तसे गुरू सोनोग्राफीच्या खोलीत आले. चष्मा काढून त्यांनी खिशात ठेवला, सदरा खुंटीला अडकवला, आणि पेशंटच्या टेबलावर उताणे झोपले.

"मला तपास."

शिष्य घाबरला. काय होतंय, कुठे दुखतंय, कधीपासून, असं त्याने एका दमात विचारलं. गुरू म्हणाले, काही होत नाही, रोज तपासतोस तसा तपास आणि रिपोर्ट सांग. रूथ सिस्टरांना त्यांनी लिहायला बसवलं.

गुरूंच्या अंगाला हात लावायचा म्हणजे शिष्याला संकोच वाटला. त्याने बंडी अर्धीच वर सरकवली. खोलीत अंधार होता. हात बंडीखाली आणि डोळे पडद्यावर. यकृत ठीक, पित्ताशय ठीक, प्लीहा ठीक. उजवं मूत्रपिंड जरा मोठं वाटलं. त्याने ते मोजलं, खरंच मोठं होतं. "काहींचं असतं," असं पुटपुटून तो पुढे गेला. डाव्या कुशीत हात गेला तेव्हा वाक्य अर्धं बोलून झालेलं होतं. करडं, लांबट असं काही पडद्यावर आलं. "डावे मूत्रपिंड निर्दोष."

गुरूंनी सिस्टरांना रिपोर्ट वाचून दाखवायला सांगितलं. मग शिष्याला म्हणाले, सही कर. त्याने सही केली.

"आता दिवा लाव."

दिवा लागला. गुरू सावकाश उजव्या कुशीवर वळले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने बंडी वर ओढली. डाव्या कुशीत, पाठीपासून थेट पोटापर्यंत, शस्त्रक्रियेचा एक जुना, पांढरा पडलेला व्रण होता. रूथ सिस्टरांनी पेन खाली ठेवलं. शिष्य त्या व्रणाकडे पाहतच राहिला.

"ज्या किडनीला तू आत्ता निर्दोष म्हणालास, ती इथे नाही," गुरू म्हणाले. "मी ती देऊन टाकली, तेव्हा तू शाळेत जात असशील."

शिष्याने विचारलं, "मग मला जे दिसलं, ते काय होतं?"

"आतडं. जागा रिकामी झाली की शेजारचं आतडं तिथे येऊन बसतं, आणि पाहणाऱ्याला हवा तो आकार दाखवतं. त्याने तुला फसवलं नाही रे. तू आधीच ठरवलं होतंस, त्याने नुसती मान डोलावली."

"आणि उजवं मोठं होतं, ते..."

"जोडीदार गेला की उरलेल्याला मोठं व्हावं लागतं. दोघांचं काम त्याला एकट्याने करायचं असतं. खूण तिथेच होती. तू ती पाहिलीस, मोजलीससुद्धा, आणि सोडून दिलीस." गुरू टेबलावर उठून बसले. "सापडलेलं सगळ्यांनाच दिसतं. नसलेलं पाहायला थांबावं लागतं. पेशंटला कुशीवर वळव, श्वास धरायला सांग, आणि हात न हलवता बघत राहा. आतडं असेल तर ते थोड्या वेळाने वळवळतं. या अंधारात आपल्या शेजारी कुणी नसतं. चुकलो तर हात धरणारं कुणी नाही. म्हणून शंकेला तेवढं सोबत बसवून घ्यायचं."

शिष्य आता गुरूंच्या व्रणाकडे पाहत नव्हता. त्याला लहानू आठवला. पडद्यावरचं ते करडं, लांबट काहीतरी आठवलं. रक्ताचा अहवाल आठवला.

"सर, लहानू... तुम्हाला शंका होती, तर तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

"मी पुन्हा बघ म्हटलं असतं, तर तू पुन्हा तेच बघितलं असतंस. माझे डोळे शाबूत असते, तर मीच बघितलं असतं. आता आपल्या दोघांत मिळून तुझेच डोळे आहेत. जा."

लहानूला पुन्हा त्या खोलीत आणलं. शिष्याने त्याला उजव्या कुशीवर वळवलं, डावी कूस वर घेतली, प्रोब टेकवला आणि तोंड मिटून घेतलं. रूथ सिस्टर कोरा कागद घेऊन बसल्या होत्या. करडा, लांबट आकार आला. शिष्य थांबला. हात हलवला नाही. खोलीत यंत्राची घरघर तेवढी चालू होती. मग तो आकार हळूच आखडला, वळला, आणि त्याच्यातून काहीतरी पुढे सरकत गेलं. मूत्रपिंड असं कधी करत नाही. शिष्याने वर पाहिलं, खाली पाहिलं, पार ओटीपोटापर्यंत शोधलं. कधी कधी ते जागा चुकून खाली राहिलेलं असतं. तिथेही नव्हतं. अंगावर कापल्याची खूणही कुठे नव्हती. म्हणजे ते कुणी काढलेलं नव्हतं, जन्मापासूनच नव्हतं. आणि जे एकमेव होतं, पुवाने भरलेलं का होईना पण कसंबसं काम करत होतं, ते उद्या सकाळी काढून बादलीत टाकायचं ठरलं होतं, त्याच्या एका वाक्यावरून.

"काय झालं सायेब? नवं काय निघालं का?" लहानूने विचारलं.

"नवं नाही. तुमच्या पोटात पहिल्यापासून एकच किडनी आहे. आधी मी चुकीचं सांगितलं होतं. उद्या ती काढायची नाही, वाचवायची आहे."

लहानू म्हणाला, "म्हंजी ती बी माझ्यावानी एकलीच की."

शिष्य सर्जनकडे गेला आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. लाज वाटत होती; तरी तापावर, यंत्रावर किंवा सिस्टरांवर त्याने काही ढकललं नाही. सर्जननी ठरलेल्या ऑपरेशनवर काट मारली आणि एवढंच म्हणाले, "उद्या मी ती काढली असती." आरडाओरडा केला असता तर शिष्याला बरं वाटलं असतं.

त्यांनी वेळ दवडला नाही. पाठीतून एक बारीक नळी घालून तुंबलेला पू तेव्हाच बाहेर काढला. त्यासाठीही सही लागत होती. ती शिष्याने केली. काही दिवसांनी खडा काढला, आणि लहानू उठून बसायला लागला. पुढे वॉर्डमध्ये त्याने क्लॅरिनेट वाजवून सिस्टरांची बोलणीही खाल्ली, पण ते नंतरचं.

त्याच दिवशी संध्याकाळी नेहमीप्रमाणे डबा आला. शिष्य गुरूंच्या खोलीत गेला. गुरू टेबलाशी बसले होते, दिवा अजून लावलेला नव्हता. शिष्याने लहानूची हकीकत सांगितली. गुरूंनी मान हलवली आणि डबा त्याच्याकडे सरकवला. शिष्याने डब्यावर हात ठेवला, पण तो उघडला नाही.

"सर, बरं आहे ना?"

हे तर तो रोजच विचारी. आज मात्र तो विचारून थांबला. गुरूंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, आता झाकण वाजेल. ते वाजलं नाही. शिष्य खुर्चीत तसाच बसून राहिला, जणू समोर कुणी श्वास धरला आहे आणि हात हलवायचा नाही.

"नाही रे," गुरू म्हणाले. "बरं नाही."

मग ते बोलू लागले. डावं मूत्रपिंड त्यांनी पत्नीला दिलं होतं. काही वर्षं ते तिच्या पोटात उत्तम चाललं. भांडण झालं की ती म्हणे, मला जपा, तुमचा अर्धा ऐवज माझ्यापाशी आहे. मग एका पावसाळ्यात साधा ताप आला आणि ती गेली, आणि तिच्याबरोबर तेही गेलं. आपलं काहीतरी आपल्या आधी जळून गेलं, हे त्यांना कुणाला सांगता येईना. म्हणून ज्या गावात कुणी ओळखत नाही, अशा या गावात ते आले. इथली माणसं चांगली होती. भेटली की विचारत, डॉक्टर, कसं काय? आणि यांनी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणत, छान, छान. रात्री कधी कधी ते डाव्या कुशीवर झोपत तेव्हा व्रण ओढला जाई. तेवढ्यापुरतं तरी ती आहे असं त्यांना वाटे.

शिष्याला रडू आलं. या टेबलावर इतकी वर्षं समोरासमोर बसून आपण या माणसाचाही रिपोर्ट न पाहताच लिहीत आलो, हे त्याला कळलं, आणि ते लहानूच्या चुकीहून त्याला जास्त लागलं.

"आज दुपारी मी सही केलेला तुमचा रिपोर्ट," तो म्हणाला, "तो पुन्हा लिहायला हवा, सर."

"लिही सावकाश," गुरू म्हणाले. "आधी जेवून घे, भाजी गार झाली."

त्या दिवसापासून तपासताना शिष्याचा हात डाव्या कुशीकडे वळला की तो बोलायचा थांबे, आणि रूथ सिस्टरही पेन उचलून धरत. संध्याकाळी मात्र त्या टेबलावर पुष्कळ बोलणं होऊ लागलं.

गोष्ट एवढीच. आपल्यापैकी कितीजणांच्या हातात प्रोब असतो? पण संध्याकाळी घरी गेल्यावर कुणाला तरी "बरं आहे ना?" असं आपण विचारतोच. तेव्हा उत्तर येईपर्यंत डबा उघडू नये.